पोलावरची गुळवेल

शेवटी पंचफुला आत्याची गुळवेल वाचली आणि आमच्या गल्लीची लाईट गेली. पण ह्या दोन्ही गोष्टी झालेल्या नाहीत, असं गावानं एकमतानं ठरवलेलं आहे. वेल कापलेली आहे, लाईट चालू आहे. गल्लीतले पंखे फिरत नाहीत ते वारा भरपूर असल्यामुळं, आणि टीव्ही बंद आहेत ते चांगलं काही लागत नसल्यामुळं.

तर काहीच झालेलं नाही. ते कसं झालं नाही, तेवढं सांगतो.

पंचफुला आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. आमचं गाव सेनगावकडच्या गोरेगावच्या अलीकडं, जीपवाल्याच्या मनात आलं तर जीप थांबते अशा जागी. आत्याला गावातच दिलेली, त्यामुळं तिच्या माहेर आणि सासरमध्ये फक्त एक नाली आहे. तिच्या दारात कडुलिंब होता आणि त्या कडुलिंबावर गुळवेल. कुणाला ताप आला, कुणाचं अंग मोडून आलं, दुखण्यातून उठल्यावर कुणाच्या तोंडाला चव राहिली नाही, की माणूस आत्याच्या दारात. आत्या अंगठ्याएवढी जाड कांडी तोडायची, तिचं कागदासारखं साल नखानं काढायची आणि खालचा हिरवा रंग उन्हात धरून बघायची, सोनारासारखी. मग ती कांडी ठेचायची, रात्रभर पाण्यात भिजू द्यायची आणि सकाळी पाव उरेपर्यंत आटवायची. तो काढा एकदा पिलेला माणूस पुन्हा आजारी पडायच्या आधी दहादा विचार करायचा.

बदल्यात आत्याला काही नको असायचं. फक्त माणसानं लगेच उठून जाऊ नये. ओट्यावर बसावं, पोरीला कुठं द्यायची ते विचारावं, सूनबाई कशी वागून राहिली ते सांगावं, आणि आत्या जे म्हणेल त्याला व्हय म्हणावं. गावात सरपंच होता, पण गाव चालायचं ते त्या ओट्यावरून.

आता गुळवेलीचा कायदा सांगतो, तो आमच्याकडं लेकराला बाराखडीच्या आधी येतो. गुळवेल ज्याच्यावर चढती, त्याचे गुण घेती. कडुलिंबावरची सगळ्यात भारी. आंब्यावरची मध्यम, म्हणजे पाहुण्याला द्यायला ठीक. बाभळीवरची पोट बांधते. तारेच्या कुंपणावरची घेतली तर माणूस बांधावरून भांडणं काढतो, असं म्हणतात, पण आमच्याकडं ते काहीच न घेता जमतं.

गेल्या वैशाखात वावटळ सुटली आणि आत्याचा कडुलिंब आडवा झाला. पडतानाही त्यानं रीत सोडली नाही. ना घरावर पडला ना म्हशीवर, मोकळ्या रस्त्यावर पडला. लाकूड लोकांनी नेलं. वेलीला कुणी विचारलं नाही. पण गुळवेल ही चिवट जात. खालून कापली तरी वरून दोऱ्यासारखी मुळं सोडते आणि परत जमीन गाठते. दारात दुसरं काही उभं नव्हतं, म्हणून तिनं विजेचा सिमेंटचा पोल धरला. दिवाळीपर्यंत पोल दिसेनासा झाला. नुसता एक हिरवागार खांब आणि त्याच्या डोक्यातून निघालेल्या तारा, कानात बाळी घातल्यासारख्या.

आत्या कांडी तोडत राहिली, काढा देत राहिली.

पहिला फरक दिसला तो मुंजाजी काकामध्ये. हा माझा चुलता, आत्याचा धाकटा भाऊ. त्याला ताप येऊन गेला होता आणि काढा चालू होता. एका दुपारी काका ओट्यावर बसून सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत होता. बोलता बोलता लाईट गेली आणि काका आडवा झाला. वाक्य अर्धंच राहिलं. संध्याकाळी लाईट आली, तसा काका उठून बसला आणि उरलेलं अर्धं वाक्य बोलला.

"आत्या," मी म्हणालो, "काकाला काय झालं?"

"काय होतंय त्याला. लाईट गेली की ह्यो जातो."

"आधी पण जायचा का?"

आत्यानं विचार केला. "आधी लाईट असली तरी जायचा," ती म्हणाली. "म्हंजे फरक पडून राहिला."

ही बातमी गावात पसरायला लोडशेडिंगएवढाही वेळ लागला नाही. वेल पोलावर चढली म्हणजे पोलाचा गुण आला. कायदा म्हणजे कायदा, तो काही झाडांपुरता केलेला नव्हता. दुसरी एखादी बाई घाबरून गेली असती. आत्यानं फक्त मात्रा बदलली. लेकरांना नुसते बल्ब लागण्यापुरती सिंगल फेज असताना तोडलेली कांडी, म्हाताऱ्यांना थ्री फेज असताना तोडलेली. "थ्री फेजवर विहिरीवरची मोटार चालती," ती म्हणायची, "मग गुडघा काहून न्हाई चालायचा?" ह्याचं उत्तर गुडघेवाल्यांना तर नकोच होतं.

लाईटचं वेळापत्रक बघून लोक काढा प्यायला लागले. व्होल्टेज कमी असलं की एकाच गुडघ्याला आराम पडायचा. हरिचंद शिंप्याच्या सासूनं थ्री फेजचा काढा घेतला आणि उजाडेपर्यंत घरातला सगळा गहू निवडून टाकला. हरिचंद दुसऱ्या दिवशी मोठा तांब्या घेऊन आला.

ह्याच सुमारास मोतीबाई आली. नाल्यापलीकडं तांडा आहे, तिथली. तिच्याही दारात कडुलिंब आणि कडुलिंबावर गुळवेल. ती आणि आत्या बाजारात समोरासमोर आल्या तर दोघी एकमेकींच्या पिशव्यांकडं बघून पुढं जायच्या, इतकं जुनं प्रेम. त्या दिवशी मोतीबाई ओढणी पुढं ओढून ओट्याच्या कोपऱ्यावर बसली.

"वाट चुकली का मोतीबाई?" आत्या म्हणाली.

"चुकायला रस्ता येकच हाय. पोराला डबा द्यायला निघाले होते."

"पोरगं तर सेनगावला असतंय."

"म्हणून तर बसले. चालवून न्हाई राहिलं. गुडघा धरलाय."

"मग तुझी हाय ना, कडुलिंबावरची. अस्सल."

मोतीबाईनं इकडं तिकडं बघितलं. मी होतो, पण मला ती माणसांत धरत नव्हती. "अस्सल हाय, तीच तर तकलीफ हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तापाला बराबर लागू पडती. पण गुडघा न्हाई उचलत. ते तुझं थ्री फेजवालं दे थोडं. अन् गावात बोलू नको."

आत्यानं दिलं. पण आत जाऊन दिलं सिंगल फेजचं. "शत्रूला पहिल्याच दिवशी पूर्ण करंट देऊ नये," असं ती मला नंतर म्हणाली.

आणि मग, सगळं सुरळीत चाललेलं असताना, लाईनमन आला. लाईनमन म्हणजे शंकरसिंग, ह्याच मोतीबाईचा पोरगा. मोटरसायकल लावली, पोलाकडं वर बघितलं आणि डोक्यावरची टोपी मागं सारली.

"जयभीम मावशी."

"जयभीम. पाणी घे."

"पाणी घेतो. पण वेल काढावी लागती. तारेला टेकून राहिली. उद्या पाऊस आला, करंट खाली उतरला, अन् एखाद्या लेकरानं हात लावला म्हंजे?"

शंकरसिंग बरोबर बोलत होता. आमच्या गावात ह्या गोष्टीची कुणाला सवय नव्हती.

"करंट उतरला म्हणून तर लोक येऊन राहिले," आत्या म्हणाली.

"मावशी, वेलीत करंट असता तर कांडी तोडताना तुमाला बसला नसता का?"

"मी चप्पल घालून तोडते."

शंकरसिंगचं सगळं शिक्षण ह्या एका वाक्यापुढं थांबलं. त्यानं पाणी पिलं, तांब्या ठेवला आणि सांगितलं की कार्तिकात त्यानं एकदा खालून कापली होती तरी हिनं वरून मुळं सोडली. आता वरिष्ठांचा हुकूम आहे. बाजाराच्या दिवशी येणार, मुळापासून शेंड्यापर्यंत काढणार आणि नेऊन जाळणार.

तो गेल्यावर आत्यानं त्याचा तांब्या उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "रत्नपाल, वेल गेली तर माझ्या दारात कोण येईल रे?"

"मी येतो ना."

"तू जेवायला येतो. त्याला येणं न्हाई म्हणत."

गावात कडुलिंब काही कमी नाहीत. वेलीची एखादी कांडी कुठंही लावता आली असती. पण एकाही कडुलिंबाला आत्याचं दार नव्हतं. वेल ज्याच्या दारात, माणसं त्याच्या दारात. तरी आम्ही दोघं स्थळं बघून आलो. वाण्याच्या परसातला शेवगा आत्यानं कमरेत कच्चा म्हणून नाकारला. शाळेतली निलगिरी उंच होती, दिसायला चांगली होती, पण पाणी फार पिती असं घराणं. कडुलिंबांत वेल सांभाळायची सवय असलेला एकच राहिला, मोतीबाईचा. त्याचं नाव मी काढलं तेव्हा आत्या चालता चालता थांबली.

"म्हंजे वेल माझी, कडूपणा तिचा, अन् लोक तिच्या ओट्यावर बसून पोरीला कुठं द्यायची ते तिला इचारणार? अन् ती तांड्यावरून माझ्या गावच्या सोयरिकी ठरवणार?"

आत्यानं दारात कडुलिंबाचं नवं रोप लावलं होतं. ते माझ्या पोटरीला लागत होतं. त्याच्यावर वेल चढवली असती तर वेलीनंच त्याला कडेवर घेतलं असतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी लाईट आली आणि मुंजाजी काका उठून बसला. त्यानं आत्याकडं बघितलं, पोलाकडं बघितलं आणि म्हणाला, "मग पोलालाच कडुलिंब म्हणा."

"झोप तू," आत्या म्हणाली.

"लाईट असताना कसा झोपू? ऐक तर अक्का. ही वेल तुझ्या कडुलिंबावर किती साल होती? तिच्यात कडुलिंब मुरलेला हाय. वेल झाडाचा गुण घेती, बराबर. मग इतके महिने तिनं पोलाला मिठी मारली, तर पोलानं तिचा गुण घेतला नसंल का? घेणं हाय तिथं देणं हाय."

मुंजाजी काकानं आयुष्यात एवढा लांब कधी विचार केलेला नव्हता. आम्ही सगळे पोलापाशी गेलो. काकानं पानं बाजूला सारली, सिमेंटवर बोट घासलं आणि जिभेला लावलं.

"कडू हाय."

मग हरिचंदनं चाखलं. कडू. मग त्याच्या सासूनं चाखलं. कडू. पण सिमेंट मुळात कसं लागतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही काही अडाणी लोक नाही. म्हणून पुढच्या गल्लीतला, वेल नसलेला पोल चाखून बघितला. तो खारट निघाला. त्या पोलापाशी कुत्री फार थांबतात, हा मुद्दा मी काढणार होतो, पण तोवर निकाल लागलेला होता. आत्याच्या दारात पूर्ण वाढ झालेला कडुलिंब उभा होता. दात घासायला काडी मात्र निघत नव्हती, तेवढं एक न्यून.

दुसऱ्या दिवशी शंकरसिंग शिडी घेऊन आला. आधी डीपीवर जाऊन त्यानं लाईट बंद केली. मुंजाजी काका ओट्यावर आडवा झाला. शंकरसिंगनं शिडी लावली तशी आत्या पोलाला पाठ लावून उभी राहिली.

"थांब. परवानगी दाखव."

"कशाची?"

"झाडाची. कडुलिंबाला हात लावायचा तर वरून परवानगी लागती."

शंकरसिंगनं आजूबाजूला बघितलं. "कोणता कडुलिंब?"

"हेच की."

"मावशी, हा पोल हाय. नंबर हाय त्याच्यावर."

"सडकंच्या झाडांवर पण नंबर टाकतेत. सेनगावला जाताना बघत जा."

"झाडाला पानं असतेत."

सगळ्यांनी वर बघितलं. पोलाला बघावं तिकडं पानंच पानं होती.

"ती वेलीची हायेत," शंकरसिंग म्हणाला.

"मग वेल काढून दाखव, खाली बिनपानाचं निघतंय का ते बघू."

"तेच तर करून राहिलो."

"परवानगी दाखव."

शंकरसिंग शिडीच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. हरिचंद त्याच्या कानाशी गेला. "सायेब, एकदा चाखून तर बघा. आमी सगळ्यांनी चाखला." शंकरसिंग पोरगा सरळ. त्यानं बोट घासलं, चाखलं, आणि खोटं बोलता येत नाही म्हणून सांगून टाकलं. "कडू हाय. पण पोलच हाय."

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन मोतीबाई रस्त्यानं आली. शंकरसिंगच्या जिवात जीव आल्यासारखं झालं. "याडी," तो आईला म्हणाला, "तू तरी सांग हिला. वेल उतरवू दे म्हणावं."

"उतरव की," मोतीबाई म्हणाली. मग थांबली. "अन् माझ्या गुडघ्याचं काय?"

"तुला आपली वेल हाय ना घरी."

हे वाक्य शंकरसिंगनं सहज टाकलं, पण ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. मोतीबाई कुणाचं औषध घेते ते एका फटक्यात उघडं पडलं. बायांनी पदर तोंडाला लावले. मोतीबाईनं पिशवी खाली ठेवली आणि फक्त आत्याकडं बघितलं.

"पंचफुला, खरं सांग. तू मला त्या दिवशी सिंगल फेजचं दिलं होतं ना?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"मला वाटलंच. तांड्याच्या चढाला धाप लागली." मोतीबाई जरा थांबली. "तरी उतार पडला."

आमच्या भागात एका बाईनं दुसऱ्या बाईच्या काढ्यानं उतार पडला म्हणणं, तेही लोकांदेखत, म्हणजे काय हे बाहेरच्याला समजायचं नाही. आत्यानं पोलाला लावलेली पाठ काढली. तिला एकदम काय करावं कळेना, म्हणून तिनं मोतीबाईची पिशवी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली.

"शंकर," मोतीबाई म्हणाली, "वेल तारेला टेकली का तार वेलीला टेकली?"

"दोन्ही येकच, याडी."

"येकच असंल तर तार काढ."

शंकरसिंगनं हुकूम आठवून बघितला. हुकूम असा होता की तार आणि वेल एकमेकींना लागता कामा नयेत. करंट उतरून कुणा लेकराला धोका होता कामा नये. तार काढली तर ह्यातलं सगळं पाळलं जात होतं. फक्त लाईट राहत नव्हती, आणि हुकुमात लाईटचा शब्दच नव्हता. शिवाय आई खाली उभी होती.

तो चढला. तारा सोडवल्या, मागच्या पोलावर नीट गुंडाळून ठेवल्या, सगळं सुरक्षित केलं. वेलीचं एक पान तुटलं, तेवढं त्यानं खिशात घातलं, पुरावा म्हणून. मग खाली उतरून डीपी पुन्हा चालू केली आणि ऑफिसला फोन लावला. "वेलीचा विषय मिटला. सप्लाय चालू." पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्याला पाठ होतं, प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची सवय.

म्हणून गल्लीत लाईट नाही असं म्हणता येत नाही. पहिल्या आठवड्यात हरिचंदनं वीज कंपनीला फोन लावून बघितला. तिकडच्या पोरीनं गोड आवाजात सांगितलं, "सर, तुमची लाईट चालू दाखवतेय." हरिचंदनं बल्बकडं बघितलं, आभार मानले आणि फोन ठेवला. खरं सांगावं तर शंकरसिंगची नोकरी जाते आणि पाठोपाठ वेल जाते. तेव्हा गावानं ठरवलं, काही झालंच नाही. लोक मोबाईल चार्ज करायला पुढच्या गल्लीत जातात आणि तिकडच्यांना सांगतात, तुमच्याकडचा करंट जरा चांगला आहे.

आत्याच्या दारात माणसं येतात. आधीपेक्षा जास्तच येतात, कारण घरात टीव्ही नाही. आता करंट नाही म्हणजे औषध शुद्ध कडुलिंबाचं झालं, असं आत्या सांगते, आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मोतीबाई, "तापाला चालंल," म्हणते. कुणाच्या पोरीला कुठं द्यायची ह्यावर दोघींचं एकमत होत नाही, त्यामुळं सगळी लग्नं लांबली आहेत. मुंजाजी काका त्या दिवसापासून आडवा आहे. जेवायच्या वेळेला तेवढा उठतो. आत्या म्हणते, तेवढ्यापुरता त्याच्यात इन्व्हर्टर आहे.

पण परवा शंकरसिंग येऊन सांगून गेला की वरचे साहेब पोल तपासत फिरून राहिले, आणि त्यांची आई पुण्याला असते. ते आले की तारा जोडणार आणि वेल काढणार. मग ग्रामसभा बसली. लाईट मागावी तर ती चालू आहे. वेल राहू द्या म्हणावं तर ती निघालेली आहे. बराच ऊहापोह झाल्यावर आत्यानंच वाट काढली, मोतीबाईनं दोनदा दुरुस्त केली, आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी पुढील ठराव वरच्या कार्यालयाकडं रवाना झाला:

"तरी समस्त ग्रामस्थांची नम्र विनंती की, श्रीमती पंचफुलाबाई यांच्या दारातील विजेचा खांब हा खांब नसून पूर्ण वाढ झालेला कडुलिंब असल्याचे तात्काळ जाहीर करण्यात यावे, विजेच्या खांबांतून त्याचे नाव कमी करून वृक्षांत दाखल करावे, कोणत्याही जिवंत झाडावर तारा ओढणे नियमात बसत नसल्याने सदर वृक्षास यापुढे कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी शिडी लावू नये, आणि त्या ठिकाणी आजपावेतो खांबच नव्हता ही गंभीर बाब विचारात घेऊन, गल्लीतील चालू असलेली लाईट चालू करण्यासाठी एक नवीन खांब मंजूर करण्यात यावा. नवीन खांबाच्या चवीबाबत ग्रामस्थांची कोणतीही अट राहणार नाही."